पीएचपीच्या अ‍ॅरेत जुनी नोंद न पुसता नवीन कशी घालायची?

तुम्ही विचारलंय की मंडळाच्या वर्गणीची नोंद ठेवायला पीएचपीत (वेबपानं बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेत) पान करताय, पेठेच्या नावाखाली रक्कम अ‍ॅरेत (अनेक किंमती एकत्र ठेवणाऱ्या यादीत) ठेवताय, आणि नारायण पेठेतली दुसरी पावती टाकली की पहिली नाहीशी होते. मीही पुण्यातच पीएचपीचं काम करतो आणि वर्गणीचा हिशोब म्हणजे लोकांच्या विश्वासाचा पैसा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची ओळ बहुधा अशी असणार:

$वर्गणी['नारायण पेठ'] = $रक्कम;

‘की’ म्हणजे किंमत ज्या नावाखाली ठेवतो ते नाव, इथे ‘नारायण पेठ’. एका कीवर एकच किंमत राहते. तीच की पुन्हा लिहिली तर जुनी किंमत जाऊन नवी बसते, आणि पीएचपी त्याबद्दल एका शब्दानेही सांगत नाही. पुढे रिकामा चौकोनी कंस जोडा:

$वर्गणी['नारायण पेठ'][] = $रक्कम;

आता त्या पेठेखाली आतला एक अ‍ॅरे तयार होतो आणि प्रत्येक रक्कम त्याच्या शेवटी जाते. रिकाम्या कंसाचा अर्थ ‘पुढचा क्रमांक तूच ठरव’. पीएचपी आतापर्यंतचा सर्वांत मोठा पूर्णांक क्रमांक घेऊन त्यात एक मिळवते. काहीच नसेल तर शून्यापासून सुरुवात. (व्हेरिएबलची नावं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली तर ती पीएचपीत खरंच चालतात.)

हा बदल करताना एक अडचण येईल. सेशनमध्ये (पान पुन्हा उघडेपर्यंत डेटा तात्पुरता जपणाऱ्या जागेत) जुन्या पद्धतीने ठेवलेली रक्कम शिल्लक असेल, तर त्या कीवर अ‍ॅरे नसून साधी स्ट्रिंग (मजकूर) असते, कारण फॉर्ममधून येणारी रक्कम स्ट्रिंगच असते. तिच्यापुढे रिकामा कंस लावला की पीएचपी तिथेच एरर देऊन थांबते. जुना डेटा आधी उतरवून घ्या आणि मग सेशन रिकामं करा.

मी स्वतः मात्र पेठेची की करणार नाही. सगळ्या पावत्या एकाच सरळ यादीत ठेवेन:

$पावत्या[] = ['पेठ' => $पेठ, 'नाव' => $नाव, 'रक्कम' => $रक्कम];

पेठेप्रमाणे बेरीज दाखवताना करता येते. उद्या गल्लीप्रमाणे किंवा कार्यकर्त्याप्रमाणे हिशोब मागितला तरी मूळ नोंद हलवावी लागत नाही. अ‍ॅरे पुश (array_push) या फंक्शननेही हेच होतं, पण एकेक नोंद घालायला रिकामा कंस पुरतो. शिवाय ते फंक्शन नवीन अ‍ॅरे परत देत नाही, एकूण संख्या देतं. त्याचं उत्तर पुन्हा $पावत्या मध्ये भरलंत, तर यादी जाऊन हातात नुसता आकडा राहील.

खरं नुकसान होतं ते दोन याद्या एकत्र करताना. समजा एक गट सकाळी लक्ष्मी रोडच्या दुकानांत फिरला, दुसरा संध्याकाळी वाड्यांत आणि सोसायट्यांत. सकाळच्या तीन पावत्या, संध्याकाळच्या पाच. तुम्ही लिहिलंत:

$एकूण = $सकाळ + $संध्याकाळ;

आठ पावत्या हव्यात, मिळतील पाचच. दोन्ही याद्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, आणि अधिक चिन्ह समान कीवर डावीकडचं ठेवतं. संध्याकाळच्या पहिल्या तीन पावत्या गळतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्याऐवजी अ‍ॅरे मर्ज (array_merge) वापरा, किंवा पीएचपी ७.४ पासून चालणारी ही रीत:

$एकूण = [...$सकाळ, ...$संध्याकाळ];

दोन्हींत क्रमांक नव्याने पडतात, त्यामुळे आठच्या आठ राहतात. शब्दांच्या कीचं मात्र वेगळं आहे: अ‍ॅरे मर्जमध्ये ‘नारायण पेठ’ दोन्हीकडे असेल तर नंतरची किंमत आधीची पुसते. ठिपक्यांच्या रीतीत शब्दांच्या की ८.१ पासून चालतात, आणि तिथेही तसंच होतं. सरळ यादी ठेवण्याचा माझा आग्रह यासाठीसुद्धा आहे.

पावती क्रमांकच की करावा का, असं मनात येईल. चूक दुरुस्त करायची असेल तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण तिथे जुनं पुसलं जायलाच हवं. पण ‘५०१’ हा क्रमांक इंग्रजी अंकांत स्ट्रिंग म्हणून दिलात तरी पीएचपी त्याचा पूर्णांक करते, आणि मग अ‍ॅरे मर्ज तो बदलून शून्य, एक, दोन असे क्रमांक देतं. पावती क्रमांकच हरवतो. अशा याद्या जोडायला अ‍ॅरे रिप्लेस (array_replace) घ्या. ते की तशीच ठेवतं आणि नंतरची नोंद ग्राह्य धरतं. मात्र दोन पावतीपुस्तकांत एकच क्रमांक छापलेला नाही, ही खात्री आधी करा.

हे सगळं करूनही दर वेळी एकच पावती दिसत असेल, तर कारण कंसात नाही. फॉर्म सबमिट झाला की पीएचपीचं पान पहिल्यापासून चालतं, आणि आधीच्या वेळचा अ‍ॅरे तेव्हाच संपलेला असतो. चाचणीपुरतं सेशन चालेल. खऱ्या वर्गणीसाठी डेटाबेसमध्ये टेबल करा, प्रत्येक पावतीची वेगळी ओळ घाला आणि पावतीपुस्तक व पावती क्रमांक यांच्या जोडीवर युनिक बंधन टाका. मग तीच पावती दुसऱ्यांदा भरली गेली तर डेटाबेस ती नाकारेल आणि आधीची नोंद जागच्या जागी राहील.