अद्ययावत केलेला संगणक बंद का होत नाही? वाचकांची प्रश्नोत्तरे

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे अनेकांनी आपल्या जुन्याच संगणकावर विंडोज ११ घेतले. तेव्हापासून एक तक्रार वारंवार येते : संगणक चालतो व्यवस्थित, पण बंद होत नाही. तक्रार एकच असली, तरी तिच्यामागे निरनिराळे बिघाड असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो, हे नीट पाहून घ्यावे.

प्रश्न : विंडोज ११ घेतल्यापासून 'शट डाऊन' केल्यावर पडदा काळा होतो, पण पंखा फिरत राहतो आणि पॉवर बटणाचा दिवाही विझत नाही. 'रीस्टार्ट' मात्र बिनचूक होते. विंडोज पुन्हा नव्याने टाकावे का?

उत्तर : नव्याने टाकण्याची घाई करू नका. रीस्टार्ट नीट होते, ही तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय विंडोजमध्ये आहे. ती चालू असताना शट डाऊन केले, की तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा आणि त्यासोबत चालणारे ड्रायव्हर (संगणकाचा एकेक भाग विंडोजला वापरता यावा यासाठीचे छोटे प्रोग्रॅम) पूर्णपणे बंद न होता त्यांची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत वाचली जाते. रीस्टार्ट करताना हा मार्ग वापरला जात नाही. तेथे सर्व काही खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होते. त्यामुळे रीस्टार्ट होते आणि शट डाऊन होत नाही, अशा वेळी पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरवर घ्यावा.

पडताळणी सोपी आहे. शिफ्ट कळ दाबून ठेवून 'शट डाऊन'वर क्लिक करा. असे केल्याने तेवढ्यापुरते पूर्ण शट डाऊन होते. संगणक या पद्धतीने नीट बंद झाला, तर कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स' उघडा, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवणाऱ्या पानावर जा, सध्या बदलता न येणाऱ्या सेटिंग्ज खुल्या करणाऱ्या दुव्यावर क्लिक करा आणि फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढा. तुम्ही पूर्वी कधी ती काढलेली असली, तरी आता पुन्हा पाहा, कारण मोठ्या अपग्रेडनंतर ही सोय अनेकदा आपोआप चालू झालेली आढळते. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या संगणकावर ती बंद केल्याने सुरू होण्याचा वेळ काही सेकंदांनीच वाढतो, त्यामुळे माझ्या मते ती कायमची बंद ठेवण्यात फारसे नुकसान नाही.

एवढ्याने भागले नाही, तर प्रश्न ड्रायव्हरचा आहे. वीज पूर्णपणे तोडण्याचे काम विंडोज एकटे करत नाही. मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीवरील, फर्मवेअर (तेथेच साठवलेला मूळ प्रोग्रॅम, ज्याला बायोसही म्हणतात) आणि चिपसेटचे, म्हणजे त्या पट्टीवरील मुख्य चिपांचे, ड्रायव्हर यांनी मिळून ते पार पाडायचे असते. २०१५ मध्ये विंडोज १० आले, तेव्हा अनेक लॅपटॉपवर अगदी हाच त्रास झाला होता : विंडोज अपडेटने इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधील एका छोट्या स्वतंत्र नियंत्रकाचा) नवा ड्रायव्हर बसवला, आणि लॅपटॉपच्या उत्पादकाने दिलेला जुना ड्रायव्हर परत बसवल्यावर संगणक बंद होऊ लागले. तेव्हा सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला असेलच असे नाही. तुमच्या मॉडेलसाठी उत्पादकाने संकेतस्थळावर दिलेले चिपसेट, मॅनेजमेंट इंजिन आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर बसवा व बायोसची नवी आवृत्ती असल्यास तीही घ्या. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करा' असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमांपासून मात्र दूर राहा. ते पुष्कळदा नेमका नको असलेलाच ड्रायव्हर आणून बसवतात.

जाता जाता एक : पंखा थांबला असेल आणि केवळ माउसचा किंवा कीबोर्डचा दिवा जळत असेल, तर संगणक बंद झालेला आहे. अनेक मदरबोर्ड बंद स्थितीतही यूएसबीला वीज देत राहतात आणि ते बायोसमधून थांबवता येते.

प्रश्न : माझ्या संगणकावर 'शटिंग डाऊन' ही अक्षरे आणि फिरणारे वर्तुळ अर्धा-अर्धा तास तसेच राहते. कंटाळून मी बटण दाबून धरतो. याने डिस्क खराब होईल का? रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज जेथे साठवलेल्या असतात त्या नोंदसंग्रहातील) वेळमर्यादा कमी करण्याचा सल्लाही मला मिळाला आहे.

उत्तर : येथे पडदा चालू आहे, म्हणजे विंडोज अजून कोणाची तरी वाट पाहत आहे. पडद्यावर अपडेटचा उल्लेख असेल किंवा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर बटणाला हात लावू नका. अपडेट बसत असताना वीज तोडणे हा यातील खरा धोका आहे. एरवी अधूनमधून असे बंद केल्याने एनटीएफएस ही फाइल व्यवस्था सहसा सावरते, कारण ती आपल्या रचनेतील बदलांची आधी नोंद ठेवते. परंतु न साठवलेले काम जाते आणि त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते, म्हणून ही सवय होऊ देऊ नये.

शट डाऊन करताना सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, थांबण्याची विंडोज किती वेळ वाट पाहते, ती रजिस्ट्रीतील मर्यादा सध्याच्या विंडोजमध्ये मुळातच ५ सेकंदांची आहे. अर्धा तास लागत असेल, तर ती आणखी कमी करून हाती काही लागणार नाही.

अडवणारा कोण आहे, हे शोधणे अधिक फलदायी ठरते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून विंडोज लॉग्जखालील 'सिस्टीम' नोंदी पाहा. क्रमांक १०७४ ची नोंद शट डाऊनची आज्ञा कोणी व केव्हा दिली हे सांगते, ६००६ म्हणजे नोंद ठेवणारी सेवा रीतसर थांबली, तर ६००८ आणि ४१ म्हणजे आधीचे बंद होणे अनपेक्षित होते. १०७४ च्या पुढे ज्या सेवेच्या किंवा ड्रायव्हरच्या तक्रारी दिसतील, तेथून शोध सुरू करा. १०७४ आणि ६००६ या दोन्ही नोंदी वेळेवर असूनही संगणक अडला असेल, तर सेवांनी आपले काम केलेले आहे आणि दोष त्यानंतरच्या टप्प्यातला, म्हणजे बहुधा ड्रायव्हरचाच आहे.

नोंदींवरून काही उमगले नाही, तर 'सिस्टीम कॉन्फिगरेशन'मध्ये प्रथम मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवा आणि उरलेल्यांपैकी निम्म्या थांबवून पाहा. त्रास गेला, तर दोषी त्या निम्म्यात आहे. न गेल्यास दुसऱ्या निम्म्यात. जुन्या विंडोजसाठी घेतलेले अँटिव्हायरस, प्रिंटरसोबत आलेले प्रोग्रॅम आणि व्हीपीएन यांच्याकडे मी सर्वांत आधी पाहीन. बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्क व डॉक (लॅपटॉपला अनेक उपकरणे एकत्र जोडून देणारा जोडसंच) काढून एकदा शट डाऊन करून पाहणे तर याही आधी व्हावे, कारण त्याला एक मिनिटही लागत नाही.

प्रश्न : माझा संगणक बंद होतो, पण काही सेकंदांत पुन्हा आपोआप सुरू होतो.

उत्तर : बहुधा तो बंद होता होता कोसळत आहे, आणि कोसळल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हावे अशी विंडोजची मूळ सेटिंग असल्यामुळे निळा पडदा तुम्हाला दिसतच नाही. 'सिस्टीम प्रॉपर्टीज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढा, म्हणजे पुढच्या वेळी चूक पडद्यावर थांबेल आणि तिचा संकेत (एरर कोड) लिहून घेता येईल. संकेत न दिसता संगणक तरीही सुरू झाला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला संगणक जागा करण्याची परवानगी आहे का आणि बायोसमध्ये 'वेक ऑन लॅन' (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची सोय) चालू आहे का, ते तपासा.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. नव्या आवृत्तीवर गेल्यापासून बंद करताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असा संदेश येतो आणि दीड मिनिट मोजले जाते.

उत्तर : दीड मिनिट ही सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू व बंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) ठरलेली मर्यादा आहे, एखादी सेवा सांगूनही थांबली नाही, तर ९० सेकंदांनंतर तिला सक्तीने थांबवले जाते. अडणाऱ्या सेवेचे नाव त्याच ओळीत पुढे लिहिलेले असते. ते टिपून घ्या आणि पुन्हा सुरू केल्यावर जर्नलसीटीएल (नोंदी दाखवणारी आज्ञा) वापरून मागील सत्राच्या शेवटच्या नोंदी वाचा. नेटवर्कवरील फोल्डर जोडलेले असेल आणि नेटवर्क आधी बंद होत असेल, तर ते फोल्डर सुटत नाही. हे कारण नेहमीचे आहे. त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर वर सांगितलेले फास्ट स्टार्टअप तेथे बंद ठेवा, नाहीतर विंडोजचे विभाजन (डिस्कवरील त्याचा भाग, पार्टिशन) अर्धवट उघडे राहते आणि लिनक्स त्यावर लिहू देत नाही.

प्रश्न : हे सर्व करण्यापेक्षा जुन्या विंडोजवर परत जाता येईल का?

उत्तर : अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत 'सेटिंग्ज'मधील 'रिकव्हरी'तून परत जाता येते, मात्र दरम्यान डिस्कवरील जागा मोकळी करताना जुन्या विंडोजचे फोल्डर पुसले गेले असेल, तर तो मार्ग बंद होतो. उत्पादकाने तुमच्या मॉडेलसाठी नव्या विंडोजचे ड्रायव्हर दिलेच नसतील, तरच मी याचा विचार करीन. अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम परत जाताना निघून जातात, त्यामुळे त्यांची यादी करा आणि आपल्या फायलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या.