जन्मलेल्या करडाला खुराक वाढवला तर मांसाचे तंतू वाढतात का?

नाही, तंतू वाढत नाहीत, आहेत तेच जाड होतात. शेळी-मेंढीत स्नायूच्या तंतूंची संख्या जवळपास सगळी आईच्या पोटातच ठरते, तिथं मायओडी, मायोजेनिन असली स्नायू घडवणारी जनुकं (जीन्स) चालू होतात आणि बारक्या पेशी एकमेकीत मिसळून एक लांबलचक तंतू बनतो, म्हणून एकाच तंतूत ढीगभर केंद्रकं दिसतात. जन्मल्यावर तंतूला चिकटून बसलेल्या सॅटेलाइट पेशी त्यात अजून केंद्रकं घालत राहतात अन् तंतू फुगतो, बास.

त्यामुळं आपल्या सोलापूरकडं उन्हाळ्यात गाभण उस्मानाबादी शेळीला नुसत्या कडब्यावर काढतात ना, ते मला अजिबात पटत नाही. गाभणकाळ जेमतेम 150 दिवसांचा, त्यात हयगय झाली तर पुढं बोकडाला कितीबी मका भरडा घाला, भरून निघणं अवघड.

आणि ते बेल्जियन ब्लू या भरगच्च मांसाच्या विदेशी जातीच्या बैलांचे फोटो बघून हुरळू नका, त्यांच्यात वाढीला ब्रेक लावणारा मायोस्टॅटिन जीनच बिघडलेला असतो (1997 ला सापडलं हे), तंतूच जास्त असतात, पण वासरू एवढं दांडगं की बहुतेक वेळा सिझेरियनच करावं लागतं. आपल्याला कुठं परवडतंय!

शेळी जुळ्याची वाटत असेल तर शेवटचे दीड-दोन महिने तुरीचा भुसा, थोडी पेंड आणि मिनरल मिक्श्चर सोडू नका.