जुना ट्रक घ्यायचा, की मुलाला आधी हब शिकू द्यायचा?

प्रश्न : मुलगा यंदा आयटीआय डिझेल मेकॅनिक झाला. नोकरीमागं फिरण्यापेक्षा त्याला जुना दहा टायर ट्रक घेऊन द्यावा म्हणतो. हंगामात ऊस, नंतर जालन्याचं स्टील. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट आहे, मेंटेनन्स पोरगाच बघेल. बरोबर आहे का? – एक पालक, माजलगाव

उत्तर : गाडी घ्या, पण यंदा नको. फिटनेस म्हणजे तपासणीच्या दिवशीची गाडी. आठ वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी लागतं, पण मधल्या काळात नट ढिला झाला तर तो कागद चाक धरून ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० चालवणाऱ्याइतकंच चालवायला देणाऱ्यालाही धरतं. ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही. साधी काळजी घेतली असती तर दोष दिसला असता, एवढं पुरतं. इथं मालक तुम्ही, मेकॅनिक पोरगा. बोट दाखवायला तिसरा कोणी नाही.

मुलाला तुमच्यासमोर मागचं एक चाक काढून बसवायला सांगा. नट सोडण्याआधी तो दोन्ही टायरांची हवा सोडतो का? जुनी लॉक रिंगची डिस्क (टायर बसतो ते लोखंडी चाक, त्यावर टायर अडवणारी सुटी कडी म्हणजे लॉक रिंग) तडकलेली असेल तर नट सुटताच रिंग उडते, माणूस जातो. डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला फिरता भाग) जिथं टेकतात ती जागा तारेच्या ब्रशनं घासतो का? मध्ये गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला तर तो चालताना दबतो आणि नट न फिरताच पकड जाते. नट समोरासमोरचे आवळतो (तसंच हवं), की ओळीनं?

मोठ्या ट्रकला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा पिळाचा जोर, साधारण ५०० ते ७०० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. ७० किलोचा माणूस पान्याला लावलेल्या एक मीटर पाइपच्या टोकावर उभा राहिला की ६९० च्या आसपास होतात. दोन मीटरच्या पाइपवर चढला की दुप्पट! त्यालाच कित्येक टायरवाले ‘घट्ट’ म्हणतात. स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो आणि पुढं भरल्या गाडीखाली तुटतो. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरला पुन्हा टॉर्क तपासायचा, म्हणजे जालना गाठायच्या आत.

पुढं गाडी बघायला जाल तेव्हा रंगावर भुलू नका. नटापासून निघालेल्या तांबूस रेषा, डिस्कची लंबगोल झालेली छिद्रं, हबमधून गळलेलं ग्रीस बघा. तुटलेल्या स्टडसोबत शेजारचे दोन्हीही बदलावे लागतात, कारण त्याचा भार त्यांनी सोसलेला असतो. ‘दहातले नऊ आहेत की’ म्हणणाऱ्याची गाडी तिथंच सोडा.

मुलाला वर्षभर अप्रेंटिसशिप करू द्या. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आहे. नाहीतर ट्रक कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर चालेल. इंजिनाकडं सगळेच धावतात, त्यानं हब आणि ब्रेकचं काम मागून घ्यावं. हबमधल्या टेपर (निमुळत्या) बेरिंगचा नट चाक फिरवत आवळून मग किती मागं सोडायचा, हे गेज (ढिलाई मोजायचं साधन) लावून हातानंच शिकावं लागतं.

नंतर गाडी घेतलीत की ३० दिवसांत नाव लावायचा अर्ज द्या. टॉर्क रेंच (टॉर्क मोजून आवळायचा पाना) घरचा ठेवा आणि केबिनमध्ये एक वही : कोणतं चाक, तारीख, टॉर्क किती, पुन्हा कधी तपासला, सही कोणाची.