पहिलाच फ्लॅट घेतोय, आत भाडेकरू राहतायत. घ्यावा का, आणि किंमत कमी करून मागावी का?

"मालक म्हणतायत भाडेकरू दोन महिन्यांत निघतील" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मालक म्हणतायत ना? भाडेकरू काय म्हणतायत ते विचारलंत का? नसेल विचारलं तर टोकन देऊ नका.

मी स्वतः त्या आतल्या भाडेकरूंपैकी होते म्हणून सांगते. सिंहगड रोडला टू बीएचके, रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीचा भाड्याचा करार), पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं, भाडं पाच तारखेच्या आत. मुलगी दहावीला. जानेवारीतला रविवार, बेल वाजली, दारात एजंट आणि त्याच्यामागे एक तरुण जोडपं. "मॅडम, पाचच मिनिटं, जरा बघून जातो." त्या जोडप्यातली मुलगी सरळ किचनमध्ये गेली, पर्समधून टेप काढली, फ्रिजची जागा मोजायला लागली आणि मोजता मोजता मला विचारते, "काकू, तुम्ही एकतीसला निघताय ना?"

काकू! असो.

आम्हाला कोणी काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं, घर विकलंय हेसुद्धा नाही. करार संपायला भरपूर महिने बाकी. मालकांना फोन लावला तर म्हणे, "अहो, बोलणारच होतो तुमच्याशी." आणि त्या दोघांना मात्र दिवाळीपासून सांगून ठेवलेलं की भाडेकरूंना नोटीस दिलीय, चांगली माणसं आहेत, निघतील. त्या भरवशावर त्या पोरांनी साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) केलेलं, स्टँप ड्युटी भरलेली (पुण्यात सगळं धरून 7 टक्के, फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर 6, वर रजिस्ट्रेशनचे 30,000) आणि स्वतः राहत होते त्या भाड्याच्या घरालाही नोटीस देऊन मोकळे. मग पुढचे काही दिवस ते आमच्याकडे असे बघत होते जसं काही आम्ही त्यांचं घर बळकावून बसलोय. त्यांचा तरी काय दोष, त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं.

माझे धाकटे दीर तेव्हाही म्हणाले आणि अजून दर गणपतीत म्हणतात, "वहिनी, घर काय तुमचं होतं का? मालकानं विकलं, बॅग उचलायची आणि निघायचं." वर कायदा ऐकवतात की लायसन्स नव्या मालकावर बंधनकारक नसतं, 1882 च्या ईझमेंट ॲक्टमध्ये लिहिलंय. लिहिलंय, मीही वाचलंय. पण म्हणून नवीन मालकाला कुलूप तोडून सामान बाहेर काढता येत नाही, आणि पाणी-लाईट बंद करून माणसाला हाकलणं हा 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे. मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करायचा, तोवरच्या काळाचं दुप्पट भाडं त्याच्याकडून लागतं. म्हणजे कायदा मालकाच्याच बाजूनं आहे. पण तारखा पडणार, आणि तारखा पडत असताना बँक हप्ता कापणारच ना? नुसतं 'निघायचं' म्हणून कोणी निघत नसतं, भाऊजी.

सगळ्यात चीड आली ती डिपॉझिटवरून. दीड लाख अडकलेले. मालक म्हणतात नवीन मालकाकडून घ्या, घर त्यांचं झालं. घर घेणारा तो मुलगा म्हणतो मला ते किमतीतून कुठे वळते करून दिलेत? दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलतायत असं वाटायचं आणि पैसे मात्र कोणाकडेच नाहीत. एजंट तर यात पडायलाच तयार नाही, त्याला त्याचं कमिशन मिळालं की झालं.

शेवटी माझ्या नवऱ्यानं त्या मुलाला परस्पर फोन करून चहाला बोलावलं, एजंटला न कळवता. आमचा करार त्याच्यासमोर ठेवला, त्यानं त्याचं साठेखत दाखवलं, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर कोण कोणाशी काय बोललंय ते उघड झालं. नशीब की बँकेचा डीडी अजून मालकाच्या हातात गेला नव्हता. त्या मुलानं मालकाला ठणकावलं की यांचं डिपॉझिट परत आणि घराची चावी माझ्या हातात, तरच डीडी. परीक्षा झाल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही निघालो, खरेदीखताच्या दिवशी सब-रजिस्ट्रार ऑफिसातच पैसे आमच्या खात्यात आले, तिथेच चावी दिली. दीर म्हणतात तो मुलगा येडा, तुमचं ऐकत बसला. येडा कसला? कोर्टाची पायरी न चढता रिकामं घर मिळालं त्याला!

तर तुमचं. भाडेकरूंना स्वतः जाऊन भेटा, एजंटला सोबत न घेता, संध्याकाळी, दोघंही घरी असतील तेव्हा. त्यांचा करार बघा, मुदत कधी संपते, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) आहे का, नोटीस किती, डिपॉझिट किती. करार रजिस्टरच नसेल तर सावध व्हा, कारण त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी आहे आणि केलेलं नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते धरून चालतात. साठेखतात 'रिकामा ताबा' असं स्पष्ट लिहून घ्या, डिपॉझिट कोण कधी परत करणार तेही, आणि शेवटची मोठी रक्कम ताब्याच्या दिवशीच द्यायची. मालक याला कुरकुर करत असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

भाडेकरू सगळे साधुसंत असतात असं मी म्हणत नाहीये, आमच्या आत्ताच्या सोसायटीत एकजण निघायचे पैसे मागत बसलाय. आणि तुम्हाला राहायला नको, गुंतवणूक म्हणून हवंय, तर भाडेकरू राहू द्या की, तुमच्या नावानं नवीन करार करा, संपलं. तुम्ही 'पहिलं घर' म्हणालात म्हणून राहायला हवंय असं धरलं मी. बाकी फ्लॅट जर पेठेतल्या जुन्या इमारतीत असेल आणि आतले लोक पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर दोन पिढ्या राहणारे असतील तर वरचं काहीच लागू नाही, त्या वाटेलाच जाऊ नका, ते केस लढणाऱ्यांचं काम आहे.

किमतीचं म्हणाल तर कमी करून मागा, लाजू नका. जितके महिने तुम्हाला हप्ता आणि स्वतःचं भाडं दोन्ही भरावं लागेल, तेवढे तरी सुटलेच पाहिजेत. मात्र ते मालकाकडून मागा, भाडेकरूवर ओरडून नाही.