हृदयाची झडप, पडदा की कपाट?

प्रश्न नागपूरच्याच एका वाचकांचा आहे. आईंचा इको काढला, अहवालात 'मायट्रल व्हॉल्व प्रोलॅप्स' असं आलं. डॉक्टर म्हणाले, झडप ढिली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, पडद्याचा त्रास आहे. हिंदी बोलणाऱ्या सिस्टरनं 'कपाट' म्हटलं. यातला बरोबर शब्द कोणता?

झडप. आणि हा नुसत्या आवडीनिवडीचा मामला नाही. 'पडदा' या एका शब्दापायी आमच्या घरात चार दिवस कुणाला धड जेवण गेलं नव्हतं. मावशीला धाप लागायची म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे कुणीतरी 'पडदा खराब आहे' असं सांगितलं आणि आम्ही सगळे 'हृदयाला छिद्र आहे' असं धरून बसलो. चूक आमची नव्हती. मराठीत हृदयाचा पडदा म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूंमधली भिंत, आणि छिद्र असतं ते तिला, बहुधा जन्मापासूनच. मावशीचं दुखणं निराळं होतं. लहानपणी घसा सुजून ताप आला होता, मागोमाग सांधे धरले होते. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीर कधीकधी स्वतःच्याच झडपांवर उलटतं. झडपेच्या कडा जाड होतात, एकमेकींना चिकटतात आणि वाट माशाच्या तोंडासारखी बारीक होते. एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असणारी मायट्रल झडपेची वाट दीडच्या आत आली, तर आजार गंभीर धरतात. मावशीची वाट पुढे फुग्यानं मोकळी करता आली. ही दुरुस्ती भिंतीची नव्हे, दाराची होती.

'दाराची' हे मी उगीच म्हणत नाही. व्हॉल्व हा शब्द लॅटिन 'वाल्वा'वरून आला आणि त्याचा अर्थच मुळी दुघडी दाराचं एक पान. हिंदीतलं कपाटही तेच, दाराचं पान. केदारनाथचे 'कपाट उघडले' असं आपली वर्तमानपत्रं हिंदीवरून जसंच्या तसं छापतात, पण मराठी माणसाला कपाट म्हटलं की साड्या ठेवायचं लाकडी किंवा लोखंडी कपाटच दिसतं. संस्कृत कपाटापासून मराठीत उतरलेला शब्द कवाड, तोही आता अख्ख्या दारासाठी वापरतात. उघडमीट करणाऱ्या एकेका फळीला मराठीत उरली ती झडप. म्हणजे व्हॉल्वचा मूळ अर्थ शब्दशः तिच्यातच आहे.

याच्या पुढची गंमत मला फार आवडते. शाळेच्या पुस्तकात हृदयाच्या वरच्या कप्प्याला अलिंद म्हणतात आणि खालच्याला निलय. संस्कृतात अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे राहतं घर. ओसरीतून घरात जायला मध्ये दार हवं, ती ही झडप. लॅटिनमध्ये वरच्या कप्प्याचं नाव रोमन घराच्या चौकावरून पडलं, पण खालचा मात्र 'छोटं पोट'. घराचं चित्र आपल्या परिभाषेत पूर्ण झालं आहे. ज्यांनी ही नावं बसवली त्यांना मनापासून नमस्कार.

उजवीकडची झडप त्रिदल, डावीकडची द्विदल. दल म्हणजे पान किंवा पाकळी. बेलाचं त्रिदळ आणि तुरीचा द्विदल दाणा आपल्याला ठाऊक असतात, तेव्हा हे शब्द जड म्हणून टाकून देऊ नयेत. या द्विदल झडपेचं 'मायट्रल' हे नाव बिशपच्या दुटोकी टोपीवरून, मायटरवरून आलं. ही उपमा शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसची, शरीररचनेवरचा त्याचा ग्रंथ 1543 सालचा. ती टोपी आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मायट्रल हे विशेषनाम मानून तसंच ठेवावं.

काकूंचा पडदा अगदीच बिनबुडाचा नाही, हेही सांगायला हवं. गर्भाच्या साधारण पाचव्या आठवड्यात हृदयातल्या मधल्या वाटेवर मऊ गाद्या उठतात. समोरासमोरच्या दोन गाद्या जुळल्या की एका वाटेच्या दोन होतात. भिंतीचा मधला भाग आणि झडपा, दोन्ही घडण्यात या गाद्यांचा वाटा असतो. गाद्या जुळल्याच नाहीत तर भिंतीत मोठं छिद्र राहतं आणि दोन झडपांऐवजी एकच सामाईक झडप होते. डाउन सिंड्रोमच्या बाळांमध्ये हा दोष विशेष आढळतो. त्रिदल झडपेची दलं तर निलयाच्या भिंतीपासून पापुद्र्यासारखी सुटून तयार होतात. ती नीट सुटली नाहीत तर झडप खाली सरकून राहते, त्याला एब्स्टाइनचा दोष म्हणतात. पापुद्रा सुटणं, याहून नेमके शब्द मला सुचत नाहीत.

आता 'ढिली'. इको म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं चित्र. स्वीडनच्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ यांनी 1953 मध्ये ही तपासणी सुरू केली. प्रोलॅप्समध्ये त्या चित्रात असं दिसतं की निलय आवळलं की झडपेचं दल जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही, अलिंदाकडे फुगून झुकतं. म्हणून मी 'झडप झुकते' म्हणेन. 'ढिली'वरून ती गळते की नाही ते कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. विहिरीवर मोटार असलेल्या कुणालाही हे चटकन समजेल. फुटव्हॉल्व, म्हणजे पाइपाच्या बुडाची झडप, धरत नसेल तर पाइपातलं पाणी परत विहिरीत जातं. झडप गळते तेव्हा रक्त तसंच मागे, अलिंदात, जातं. झडपेला धरून ठेवणारी एखादी दोरी तुटली तर वाऱ्यात छत्री उलटावी तसं दल उलटतं, आणि गळती एकदम वाढते.

शब्द स्त्रीलिंगी आहे: ती झडप, त्या झडपा, झडपेची गळती. आईंना सांगताना 'मायट्रल झडप झुकते' एवढं म्हणा, आणि अहवालात पुढे 'रिगर्जिटेशन' लिहिलं आहे का ते पाहा. ती गळती. तिच्यापुढे माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर लिहिलं आहे, ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.