मुलीची किडलेली दाढ लेसरने भरून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, खालची दाढ किडली आहे आणि ती दात कोरायच्या मशीनच्या आवाजानेच रडायला लागते. पाचोऱ्याहून जळगावला दाखवायला नेली, तर तिथे ‘लेसरने भरून देतो, सुई नाही, दुखणार नाही’ असं सांगितलं, पण पैसे साध्या सिमेंटच्या तिप्पट. द्यावेत का, हा तुमचा प्रश्न.

भाऊ, मी अमळनेरला दातांचा दवाखाना चालवते. पैशांचं नंतर बोलू. आधी दाढ कोणती आहे ते बघा. खालच्या बाजूला सगळ्यात मागची असेल, तर ती दुधाची नाही. ही पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते आणि तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कुणाला कळतही नाही. ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून सोडून दिलेल्या अशा दाढा मी दर महिन्याला बघते आणि फार वाईट वाटतं. नवव्या वर्षी तिची मुळं जेमतेम पूर्ण होत आलेली असतात आणि आतली नसेची पोकळी मोठी असते. म्हणजे कीड नसेपर्यंत पोचायला अंतर कमी. तेव्हा लेसर असो की मशीन, उशीर करू नका. ‘दाढ दुखस’ म्हणत माणूस येतो तोवर बहुतेक वेळा साध्या भरण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता लेसर. दाताच्या दवाखान्यात या नावाखाली लोक तीन वेगवेगळ्या वस्तू धरतात आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातली कोणती, यावर आहे.

पहिली म्हणजे निळा दिवा. सिमेंट भरल्यावर डॉक्टर पेनासारखं यंत्र दाताजवळ धरतात, निळा उजेड पडतो आणि समोर नारिंगी काच धरतात. हे लेसर नाही. हा साधा एलईडी आहे, त्या निळ्या उजेडाने भरलेला मसाला काही सेकंदांत कडक होतो. दाताच्या रंगाचं सिमेंट भरणाऱ्या जवळपास प्रत्येक दवाखान्यात तो असतो. माझ्याकडे येणारे कितीतरी जण ‘मागच्या वेळी लेसरने भरलं होतं’ म्हणतात, विचारलं की निळ्या दिव्याचंच वर्णन करतात. त्याचे वेगळे पैसे द्यायचं काही कारण नाही.

दुसरं डायोड लेसर. हे खरं लेसर आहे, माझ्याकडेही आहे. ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या (किरणाची तरंगलांबी मोजायचं एकक) आसपासचा त्याचा किरण हिरडीसारख्या मऊ भागावर काम करतो. कीड हिरडीच्या कडेखाली गेली असेल किंवा हिरडी वाढून खड्ड्यात शिरली असेल, तर ती डायोडने कापता येते आणि रक्त फारसं येत नाही. भरण्याच्या कामात याचा उपयोग मोठा आहे, कारण रक्त-थुंकी लागलेल्या जागी सिमेंट धरत नाही. पण डायोड दात कोरत नाही. त्याने कीड काढायचा हट्ट केला तर दात नुसता तापेल.

तिसरं, कीड काढण्यासाठीचं खरं लेसर म्हणजे अर्बियम. यात अर्बियम-याग हे २९४० नॅनोमीटरचं आणि अर्बियम-क्रोमियम हे २७८० नॅनोमीटरचं, असे दोन प्रकार दातांसाठी वापरतात. १९६० मध्ये पहिला रुबी लेसर तयार झाला आणि काही वर्षांतच तो दातांवर वापरून बघितला गेला, पण उष्णता इतकी व्हायची की आतली नस धोक्यात यायची. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन या संशोधकांनी माकडांच्या दातांवर दाखवलं, की आतलं तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढलं तरी काही दातांची नस पुन्हा सावरत नाही. ही अडचण सुटायला बराच काळ गेला. दात कोरण्यासाठी अर्बियम-यागला अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली.

अर्बियमचा किरण पाणी फार जोरात शोषून घेतं. दाताच्या आत अडकलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन फुटतं आणि दाताचा बारीक कण उडवून नेतं. किडलेल्या भागात पाणी जास्त, म्हणून तो आधी उडतो आणि चांगला दात त्या मानाने टिकून राहतो. वरून सतत पाण्याचा फवारा चालू ठेवावाच लागतो, त्याशिवाय उष्णता वाढते. प्रशिक्षणात मी हे हाताळलं आहे. टोक सहसा दाताला टेकत नाही, जरासं दूर धरायचं असतं. मशीनची ती कानात घुसणारी किंकाळी नाही, जबड्यात थरथर नाही. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तड्तड् आवाज येतो. ज्या मुलाला मशीनच्या आवाजानेच घाम फुटतो, त्याच्यासाठी हा फरक खरोखर मोठा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही.

मात्र ‘सुई नाही, दुखणार नाही’ ही हमी कुणी आधीच देऊ नये. लहान आणि मध्यम किडीत बऱ्याच मुलांना सुई लागत नाही, खोल किडीत लागू शकते. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेने लेसर आणि मशीन यांची तुलना करणाऱ्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात ६६२ रुग्ण होते. लेसरने वेदना आणि भूल देण्याची गरज कमी होते असं दिसलं, पण कीड काढणं आणि भरलेलं टिकणं यात मशीनपेक्षा लेसर सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि एकूण पुरावाच कमकुवत होता. माझंही मत तेच आहे. लेसर दाढ कोरण्याची पद्धत बदलतं. भरलेलं किती वर्षं टिकेल, ते खड्डा किती कोरडा ठेवला आणि चिकटवण्याचं काम किती मनापासून केलं, यावर ठरतं. लेसरने दात आधीच खडबडीत होतो, म्हणून सिमेंट धरावं यासाठीचं अ‍ॅसिड लावायची गरज नाही, असंही काही ठिकाणी सांगतात. मी असते तर अ‍ॅसिड लावूनच भरलं असतं.

वेळही थोडा जास्त लागतो, अर्बियम मशीनइतक्या वेगाने कोरत नाही. आधी चांदी भरलेली असेल तर ती लेसरने काढत नाहीत, तिथे मशीनच लागते. शिवाय खोलीतल्या प्रत्येकाला, मुलीला आणि तिच्याजवळ उभ्या असलेल्या तुम्हालाही, त्या विशिष्ट किरणाचा चष्मा हवा. चष्मा न देता कुणी लेसर सुरू करत असेल तर उठून या.

एक वेगळं लेसरही लागलीच सांगते, कारण त्यावरून उगीच दात कोरले जातात. कीड शोधायचं पेनासारखं यंत्र असतं, ६५५ नॅनोमीटरचा लाल किरण टाकून ते आकडा दाखवतं. पारोळ्याकडच्या एका आजींच्या दाढेवर त्याने भला मोठा आकडा दाखवला होता. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली, दाढेच्या खाचांत काळी पुटं बसलेली. दात स्वच्छ करून पुन्हा बघितलं तर आकडा खाली आला आणि खालचा दात दगडासारखा टणक निघाला. नुसत्या आकड्यावर कोरायचं नाही, एक्स-रे आणि डोळे हवेतच.

म्हणून तुमच्या मुलीसाठी आधी दाढेचा छोटा एक्स-रे काढून घ्या. कीड नसेपासून लांब असेल, त्यांच्याकडे खरंच अर्बियम असेल आणि त्या डॉक्टरांनी मुलांवर ते नेहमी वापरलं असेल, तर तिची भीती बघता जास्तीचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, घरच्या खर्चाला झेपत असेल तर द्या. फोनवर सरळ विचारा, ‘कीड कोणत्या लेसरने काढता, अर्बियम की डायोड?’ उत्तर एका शब्दात यायला हवं.

झेपत नसेल तर मन खाऊ नका. मशीन न फिरवताही बरंच होतं. मऊ झालेली कीड छोट्या चमच्यासारख्या हत्याराने हाताने खरवडून काढता येते आणि वर ग्लास आयोनोमर नावाचं दाताला चिकटणारं सिमेंट भरता येतं. खोल किडीत तर नसेजवळचा शेवटचा मऊ थर मुद्दाम ठेवून वरून घट्ट बंद करायची पद्धत आता मान्य आहे, सगळं खरवडायच्या नादात नस उघडी पडते. सुई लागलीच तर आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावून दोन मिनिटं थांबायला सांगा, मुलांना टोचल्याचं फार कमी कळतं. मुलांचे दात बघणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येईल.

कीड नसेला लागलेली असेल, रात्री ठणकत असेल किंवा हिरडीवर फोड आला असेल, तर लेसरचा विषयच वेगळा होतो. तेव्हा भरण्याच्या आधी नसेवरचे उपचार लागतील.

आणि दाखवायला नेलीच आहे तर उरलेल्या तीन पक्क्या दाढाही बघून घ्या. त्या किडलेल्या नसतील तर खाचांत सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बंद करणारा पातळ थर, भरून घ्या. त्याला ना सुई लागते, ना मशीन, ना लेसर.