व्हीसीडी आणि कॅसेटी जपायच्या कशा?

प्रश्न : घरी नाटकांच्या साठेक व्हीसीडी आणि लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेटी आहेत. त्यातली बरीच नाटकं ओटीटीवर सापडत नाहीत. प्लेअर बंद पडलाय. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी कॅसेटी. व्हीसीआर (व्हीएचएस कॅसेट चालवणारं मशीन) शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू मशीन उसनं किंवा जुनंच मिळेल. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट लावू नका. बुरशी हेडला (मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढची कॅसेटही खराब करते. स्वच्छ कॅसेट एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. मग यूएसबी कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण) लावून पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० × ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम असं रेकॉर्ड करा. एच.२६४ (व्हिडिओ लहान करून साठवायची पद्धत) मध्ये ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) ठेवलं, तर तासाला सुमारे ३.६ जीबी लागतात. कार्ड थेट कॉम्प्युटरला जोडा, यूएसबी हबमधून (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या जोडणीतून) नको. फ्रेम गळतात आणि आवाज ओठांच्या मागे पडतो.

व्हीसीडी सोपी. यूएसबी डीव्हीडी रायटर घ्या, डिस्कवरच्या ‘एमपेगएव्ही’ (MPEGAV) फोल्डरमधली डॅट (.DAT) फाइल कॉपी करा. व्हीएलसी हा मोफत व्हिडिओ प्लेअर ती तशीच चालवतो. कॉपी अडकली, तर डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. चित्र मुळातच ३५२ × २८८ पिक्सेलचं, ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दुकानात राइट केलेल्या डिस्क कंपनीच्या छापील डिस्कपेक्षा लवकर दगा देतात, म्हणून त्या आधी उतरवा.